आधी वाफ, मग व्हिनेगर

मायक्रोवेव्ह साफ करायची गोष्ट निघाली की हल्ली सगळ्यात आधी व्हिनेगरचं नाव घेतलं जातं. वाडगाभर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला, पाच मिनिटं उकळा, पुसून घ्या, झालं काम. उपाय खरा आहे आणि लागूही पडतो. पण त्याचं श्रेय चुकीच्या जागी जातं, आणि श्रेय चुकलं की वापरही चुकतो. मग कुणी वाडग्यात निम्मं व्हिनेगरच ओततं, कुणी त्यात सोडा घालतं, कुणी वाफ धरायच्या आत दार उघडून घासायला लागतं आणि शेवटी घरगुती उपायांना नावं ठेवत तारेची घासणी हातात घेतं. माझं म्हणणं असं की या साफसफाईत मुख्य काम वाफेचं आणि थांबण्याचं आहे. व्हिनेगरचं काम त्यांच्या मागून येतं. ते मोजकं आहे, पण नेमकं आहे. हा क्रम समजून घेतला की अंगमेहनत वाचते आणि यंत्रही जास्त टिकतं.

त्यासाठी आधी घाण चिकटते कशी ते पाहायला हवं. गॅसवर कढईतून उडालेलं तेल शेगडीच्या तापलेल्या भागावर पडतं आणि करपतं. मायक्रोवेव्हच्या आत तसं होत नाही. 2450 मेगाहर्ट्झच्या लहरी मुख्यतः अन्नातलं पाणी तापवतात. आतला रंगवलेला पत्रा त्या लहरी परतवतो आणि स्वतः फारसा तापत नाही. वरण फुटून उडालं, रस्सा उकळून शिंतोडे गेले, की ते या कोमट भिंतींवर बसतात आणि तिथंच वाळतात. वाळणं वेगळं, करपणं वेगळं. वाळलेल्या डागात डाळ-तांदळाचा स्टार्च असतो, दुधाची प्रथिनं असतात आणि त्यांत धरून ठेवलेलं तेल-तूप असतं. पाणी उडून गेल्यामुळे हा थर घट्ट झालेला असतो. पाणी परत मिळालं की तो फुगतो आणि पकड सोडतो. तळाला भात लागलेलं पातेलं आपण घासण्याआधी भिजत घालतो ते याचसाठी. भिंती आणि छत भिजत घालता येत नाहीत, म्हणून तिथं पाणी वाफेच्या रूपानं पोचवायचं.

वाफ किती लागते याचा साधा हिशेब मांडता येतो. पाव लिटर पाणी 25 अंशांवरून 100 अंशांपर्यंत न्यायला सुमारे 78 किलोज्यूल उष्णता लागते. पाण्यात 800 वॅट उतरत असतील, तर त्याला दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ जातो. त्यानंतर दर मिनिटाला साधारण 20 ग्रॅम पाण्याची वाफ होते. म्हणजे पाच मिनिटं चालवलं तर 60 ते 70 ग्रॅम वाफ आत फिरते, आणि दोनच मिनिटांत बंद केलं तर जेमतेम सुरुवात झालेली असते. ही वाफ थंड भिंतींवर पुन्हा पाणी होते आणि तसं होताना दर ग्रॅममागे सुमारे 2257 ज्यूल उष्णता डागांवर सोडते. गरम पाण्याचा पातळ थर सगळीकडे, छतावरही, आपोआप बसतो. तूप त्या उष्णतेनं वितळतं, स्टार्च फुगतो. पण फुगायला वेळ लागतो. म्हणून यंत्र बंद झाल्यावर दार लगेच उघडायचं नाही. दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. घाईत नेमकी हीच दहा मिनिटं कापली जातात आणि दोष मात्र व्हिनेगरला लागतो.

आता व्हिनेगरचा वाटा पाहू. बाटलीतल्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिटिक आम्ल चार-पाच टक्के असतं. त्यातले दोन मोठे चमचे पाव लिटर पाण्यात घातले की प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरतं. अ‍ॅसिटिक आम्ल 118 अंशांना उकळतं, त्यामुळे वाफेत त्याचं प्रमाण आणखी कमी भरतं. एवढ्या आम्लानं तेलकटपणा विरघळत नाही. मुळात आम्ल हे तेलावरचं औषधच नव्हे. मग ते घालायचं कशाला? पहिलं कारण वास. मासळीच्या वासात ट्रायमिथाइलअमाइनसारखे अल्कधर्मी पदार्थ असतात; आम्लाशी त्यांचा क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही. माशाला लिंबू किंवा कोकमाचं आगळ लावण्यामागेही हेच रसायन आहे. दुसरं कारण, बोअरच्या जड पाण्याचे जे पांढरे डाग काचेच्या ताटलीवर राहतात, ते कपड्यावर घेतलेल्या व्हिनेगरनं सुटतात. तिसरं कारण मला सगळ्यात मोलाचं वाटतं: अ‍ॅसिटिक आम्ल उडून जातं, मागे थर ठेवत नाही. जिथं अन्न तापवायचं तिथं हा गुण लहान नाही. लिंबाचं सायट्रिक आम्ल मात्र वाफेबरोबर उडतच नाही. लिंबाची फोड उकळली की दरवळतं ते सालीतलं तेल. सुगंध हवा असेल तर जरूर वापरावं.

हळदीच्या बाबतीत व्हिनेगरकडून अपेक्षा ठेवू नये, आणि आपल्या स्वयंपाकघरात हे सांगणं भागच आहे. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि आम्लात पिवळंच राहतं. सोडा लावला तर डाग तांबूस होतो. हळदीपासून कुंकू करतात तेही अल्काच्या याच गुणावर. ताजा डाग साबणाच्या पाण्यानं लगेच पुसणं हाच खरा उपाय. मायक्रोवेव्हचं प्लॅस्टिकचं झाकण पिवळं पडलं असेल तर ते धुऊन उन्हात ठेवावं, कारण उजेडानं कर्क्युमिनचा रंग विटतो. लसूण-कांद्याच्या वासात गंधकाची संयुगं असतात, ती अल्कधर्मी नसतात. त्यांच्यावर आम्लाचा विशेष इलाज चालत नाही. तिथं पुसून काढणं आणि दार काही वेळ उघडं ठेवणं हेच उपयोगी.

यावर कुणी विचारेल, मग नुसतं पाणीच का नको? रोजच्या डागांसाठी नुसतं पाणी पुरतं, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. उलट माझ्या म्हणण्याला त्यानं बळच मिळतं. दुसरा आक्षेप सोड्याच्या बाजूनं येतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केले की फेस उसळतो आणि काहीतरी जोरदार घडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात. उरतं ते पाणी, उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड आणि थोडं सोडियम अ‍ॅसिटेट. दोन्ही वापरायचे तर वेगवेगळे वापरावेत. सोड्याची स्वतंत्र जागा आहे: कन्व्हेक्शन आणि ग्रिल असलेल्या यंत्रात भिंती खरोखर तापतात, तिथं तेल वाळत नाही तर भाजून चिवट होतं. अशा थरावर वाफ अपुरी पडते. सोड्याची ओली पेस्ट काही तास लावून ठेवावी लागते. तीही पत्र्यावरच, ग्रिलच्या सळीवर किंवा हवेच्या छिद्रांत नाही.

तिसरा आक्षेप, एवढं थांबण्यापेक्षा जोरानं घासलेलं काय वाईट? वाईट असं की आतला रंग हेच पत्र्याचं कवच आहे. तारेच्या घासणीनं ते खरवडलं की ओलावा पत्र्यापर्यंत जातो, गंज धरतो आणि तिथं ठिणग्या उडू शकतात. आत एका बाजूला अभ्रकाचा पातळ तुकडा असतो. मॅग्नेट्रॉनच्या लहरी त्यातून आत येतात. घासताना तो फाटतो, आणि त्याच्यावर तेल साचू दिलं तरी जळतो. राहिलेला डाग प्रत्येक वेळी पुन्हा तापत काळा पडतो आणि तो कोळसा स्वतःच ठिणगीचं कारण होतो. म्हणून डाग ताजा असताना सोडवणं हे यंत्र वाचवणंच आहे. कॉस्टिक सोडा असलेले भट्टी साफ करायचे फवारे तर इथं मारूच नयेत.

नैसर्गिक उपाय म्हणून व्हिनेगरचं कौतुक होतं, त्याबद्दलही स्पष्ट असावं. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुधा सिंथेटिक असतं, म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेलं. लेबलवर तसं छापावं लागतं. सफाईला ते अगदी योग्य आहे, कारण त्यात रंग नाही, साखर नाही. गोव्यात माडाच्या सुरेपासून होणारं व्हिनेगर सोरपोतेल आणि विंदालूसाठीच ठेवावं. पदार्थ निसर्गातून आला म्हणून तो निर्धोक ठरत नाही. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. ही दोन्ही एका वेळी, एका फडक्यावर कधीही नकोत. आणि एवढ्या विरळ व्हिनेगरनं जंतू मरतात असंही समजू नये.

कृती अशी: रुंद तोंडाच्या काचेच्या वाडग्यात पाव लिटर पाणी आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर घ्यावं आणि त्यात लाकडी चमचा ठेवावा. गुळगुळीत भांड्यात पाणी कधीकधी न उकळताच 100 अंशांच्या वर तापतं आणि हलवताच उसळतं. लाकडाच्या खडबडीतपणामुळे बुडबुडे धरतात आणि हा धोका कमी होतो. पाच मिनिटं चालवावं, दहा मिनिटं थांबावं, प्लग काढावा, वाडगा जपून बाहेर घ्यावा. काचेची ताटली आणि खालची चाकांची रिंग साबणानं धुवावी. मग ओलसर, पण न ठिबकणाऱ्या कपड्यानं छतापासून खाली पुसत यावं आणि दाराची कड विसरू नये, कारण तिथं अन्न साचलं तर दार नीट बसत नाही. तूप जास्त असेल तर कपड्यावर साबणाचा एक थेंब घ्यावा. तेलाचं काम त्याचं आहे.

ही समज घरात एकाच माणसापाशी राहून चालत नाही. पुष्कळ घरांत मायक्रोवेव्ह वापरतात सगळे आणि पुसतात एकट्या आई किंवा कामाला येणाऱ्या मावशी, तेही पुढचं काम खोळंबलेलं असताना. त्यांच्या हाती घासणी देऊन डाग निघत नाही म्हणणं अन्यायाचं आहे. ज्यानं अन्न तापवलं आणि सांडलं, त्यानंच वाडगा आत ठेवून बटण दाबावं आणि नंतर पुसावं. कष्ट वाफ करते, आपल्याला फक्त वेळेवर सुरुवात करायची असते. ते झालं तर व्हिनेगर कमी लागेल, सोडा क्वचित लागेल आणि घासणीची गरजच पडणार नाही.