आयरीनचा नकाशा

एखादे वादळ आणखी मोठे व्हावे, असे तुम्हांला कधी मनापासून वाटले आहे का? मला वाटले होते. खोटे कशाला बोलू?

गोष्ट २०११ सालच्या ऑगस्टमधली. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही डोंबिवलीचे बिऱ्हाड हलवून दोन वर्षांसाठी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या एका लहानशा गावात राहायला गेलो होतो. मी तेव्हा तेरा वर्षांची. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. शाळेतली एकुलती एक मैत्रीण गावाच्या दुसऱ्या टोकाला, रॅरिटन नदीच्या काठी राहायची. त्यामुळे दिवसभर माझी आईच्या मागे भुणभुण चालायची. अशा वेळी शेजारचे आजोबा भेटले.

हे आजोबा रोज सकाळी सातच्या ठोक्याला हातात वही घेऊन अंगणातल्या एका खांबापाशी जात. खांबाला प्लॅस्टिकचे पारदर्शक नळकांडे बसवलेले. आतली नळी काढून डोळ्यांसमोर धरायची, वहीत काहीतरी लिहायचे, पाणी ओतून टाकायचे आणि घरात जायचे. एक दिवस न राहवून मी कुंपणापाशी जाऊन विचारलेच. तो पर्जन्यमापक होता. वरच्या रुंद तोंडातून गोळा झालेले पाणी आतल्या अरुंद नळीत उतरते. त्यामुळे एक इंच पाऊस नळीत दहा इंच उंच दिसतो आणि इंचाचा शंभरावा भागसुद्धा वाचता येतो. साधीच युक्ती, पण मला भारी आवडली.

आजोबा एकटे नव्हते. कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचे शहर आहे. १९९७ साली तिथे अचानक मोठा पूर आला. शहराच्या एका बाजूला धो धो पाऊस आणि दुसऱ्या बाजूला त्या मानाने किरकोळ! मग पाऊस नेमका किती पडला हे सांगणार कोण? म्हणून पुढच्या वर्षापासून तिथल्या साध्यासुध्या लोकांनी घरोघरी पाऊस मोजायला सुरुवात केली. ती साखळी वाढत वाढत न्यू जर्सीपर्यंत आली होती. शिक्षक, शेतकरी, शाळेतली मुले, कुणीही त्यात असते. पगार नाही, बक्षीस नाही. सकाळी सातला पाऊस मोजायचा आणि कळवायचा. पडला नसेल तर ‘शून्य’ असे कळवायचे. शून्य कळवणेही तितकेच महत्त्वाचे, असे आजोबा बजावून सांगत.

आजोबांचा दुसरा नाद हरिकेनचा. आपल्याकडे ज्याला चक्रीवादळ म्हणतात, तेच अटलांटिक महासागरात फार जोरदार झाले की हरिकेन. वारे ताशी ११९ किलोमीटरच्या वर गेले की ते हरिकेन झाले. त्यापुढे वाऱ्याच्या वेगाप्रमाणे एक ते पाच अशा पायऱ्या. आजोबांकडे अटलांटिकचा कोरा नकाशा होता, अक्षांश-रेखांशांच्या चौकटींचा. मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकरा वाजता वादळाचा ठिकाणा जाहीर करते. तो ऐकायचा आणि नकाशावर खूण करायची. साध्या वादळासाठी पोकळ वर्तुळाला दोन शेपट्या, हरिकेनसाठी तेच वर्तुळ भरीव. त्यांनी मलाही एक नकाशा दिला. माझी भुणभुण त्या दिवसापासून थांबली, असे आई अजून सांगते.

२० ऑगस्टला आयरीनचा जन्म झाला. वादळांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावे देतात. आयरीन नववी. ही यादी दर सहा वर्षांनी पुन्हा येते, पण ज्या नावाने फार नासधूस केली ते कायमचे वगळतात. (आयरीनच्या जागी २०१७ साली इर्मा आली. ती तर हिच्यापेक्षा कितीतरी भयंकर निघाली.) दोनच दिवसांत पोर्टो रिको बेटावर आयरीनचे हरिकेन झाले आणि माझ्या नकाशावरचे वर्तुळ भरीव झाले. मंगळवारी आमच्या पायांखालची जमीनही हलली! व्हर्जिनिया राज्यात ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला होता, त्याचा हादरा आमच्यापर्यंत आला. “आता वादळच तेवढं राहिलंय,” आई म्हणाली. बुधवारी बहामा बेटांवर आयरीनचे वारे ताशी १९३ किलोमीटरवर पोहोचले. तिसरी पायरी! आणि पुढची वाट थेट आमच्या किनाऱ्याकडे.

मी हवेत तरंगत होते. दिवसातून चार वेळा आजोबांकडे धाव. अंदाजाची रेघ लांबवून मी आमच्या गावावर गोल काढून ठेवला आणि पायरी तीनची चार व्हावी म्हणून अक्षरशः वाट बघत बसले. आई ताटे वाढता वाढता मला एकच विचारायची, “पाऊस किती सांगितलाय गं?”

“आई, पावसाचं काय! वारा बघ ना वारा!”

“वाऱ्याचं मला नको सांगू. पाऊस किती ते सांग.”

२६ जुलै २००५ ला आई ऑफिसातून निघाली होती ती दुसऱ्या दिवशी घरी पोहोचली होती. त्या दिवशी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ते काही चक्रीवादळ नव्हते. म्हणून तर मला आईचा प्रश्न अगदी अडाणी वाटला.

आणि मग आयरीन ढेपाळू लागली. हरिकेनच्या मधोमध शांत जागा असते, तिला डोळा म्हणतात. डोळ्याभोवती ढगांची उंच गोल भिंत. सगळ्यांत जोराचे वारे या भिंतीत असतात. कधीकधी या भिंतीबाहेर दुसरी भिंत उभी राहते. मग जुनी विरते, नवी आकसत आत येते आणि वादळ पुन्हा जोर धरते. साप कात टाकतो तसेच काहीसे. आयरीनची जुनी भिंत मोडली, पण नवी काही नीट जमली नाही. त्यात बाजूची कोरडी हवा आत शिरली. पुढे उत्तरेचे पाणीही तितके उबदार नव्हते. शुक्रवारी तिसरी पायरी गेली. शनिवारी, २७ तारखेला सकाळी, उत्तर कॅरोलायनातल्या केप लुकआउटपाशी ती जमिनीवर आली, तेव्हा वारे होते ताशी १३७ किलोमीटर. फक्त पहिली पायरी.

“संपलं,” मी पेन्सिल टाकून म्हणाले.

आजोबा मात्र वहीकडे बघून डोके खाजवत होते. “हवेचा दाब बघ.” दाब होता ९५२ मिलिबार. समुद्रसपाटीला नेहमी तो १०१३ च्या आसपास असतो. इतका कमी दाब म्हणजे वारे याहून कितीतरी जोराचे हवेत. मग गेला कुठे तो जोर? “पसरलाय,” आजोबा म्हणाले. मध्यापासून चारशे किलोमीटरवरही वादळी वारे होते. मला एकदम फुगडी आठवली. जवळ उभे राहून घातलेली फुगडी गरगर फिरते. हात लांब करून घातली तर सावकाश फिरते, पण अंगण जास्त अडवते. मी ते आजोबांना हातवारे करून सांगितले, तेव्हा ते खूश झाले. मी मात्र नव्हते. मला पायऱ्या हव्या होत्या.

त्या दुपारी मैत्रिणीला फोन केला. तिच्या घरचे सगळे संध्याकाळी तिच्या मावशीकडे, उंचावरच्या गावात जाणार होते. तळघरातले सामान वर आणणे चालले होते.

“माझी चित्रांची खोकी अजून खालीच आहेत. तीन आहेत. आणू का वर?” तिने मला विचारले. मलाच! कारण आठवडाभर मी तिला वादळावर व्याख्याने देत होते.

“कशाला? ते कमजोर पडतंय. इथे येईपर्यंत काही राहायचं नाही,” मी म्हणाले. वर हेही म्हणाले, “माझ्याकडे नकाशा आहे.”

न्यूयॉर्क शहराने त्या दुपारी आपली सगळी भुयारी रेल्वे बंद केली. शहरातल्या सखल भागांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार लोकांना घरे सोडायला सांगितले होते. आमच्याकडे आईने बाथटब पाण्याने भरून ठेवला आणि थालीपिठे लावली. रात्रभर पाऊस कोसळत होता. मध्येच वीज गेली. बाबा ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले. पहाटे साडेपाचच्या सुमारास बातमी आली की आयरीन न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, लिटल एग इनलेटपाशी चढली. अजून हरिकेनच, पण अगदी उंबरठ्यावरचे. मेणबत्तीच्या उजेडात मी शेवटचे भरीव वर्तुळ काढले. नऊ वाजता ती न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पोहोचली, तेव्हा वारे ताशी १०५ किलोमीटर. हरिकेन नव्हेच. दुपारी पाऊस थांबला आणि ढगांतून उजेडही आला. समोरच्या घरचे झाड जिथल्या तिथे. “एवढंच?” मी म्हणाले.

आजोबा पर्जन्यमापक घेऊन अंगणात उभे होते. आतली नळी केव्हाच भरून वाहिली होती. बाहेरच्या नळकांड्यातले पाणी ते थोडे थोडे नळीत ओतून मोजत होते, पुन्हा पुन्हा. सात इंचांच्या वर निघाले. “आणि जमीन आधीच भिजलेली,” ते हळूच म्हणाले. त्या ऑगस्टमध्ये आधीच पाऊस फार झाला होता. न्यू जर्सीत १८९५ पासून नोंदी ठेवतात, त्यांत तोपर्यंतचा सर्वांत ओला महिना तो ठरला. भिजलेला स्पंज आणखी पाणी पीत नाही, तसे झाले. सगळे पाणी ओढ्यांत आणि ओढ्यांतून नदीत.

पाऊस थांबला होता आणि रॅरिटन चढत होती. आकाश निरभ्र आणि खाली रस्त्यांवर होड्या, असे दृश्य मी पहिल्यांदा पाहिले. बाउंड ब्रूक, मॅनव्हिल ही गावे पाण्यात गेली. पसॅइक नदी तर पुढचे दोन दिवस चढतच राहिली. सगळ्यांत मोठा दणका बसला व्हर्मॉन्टला, ज्या राज्याला समुद्रकिनाराच नाही! डोंगरांतल्या ओढ्यांनी रस्ते आणि पूल उचलून नेले, तेरा गावांचा संपर्क तुटला. बार्टन्सव्हिलचा १८७० साली बांधलेला लाकडी छताचा पूल नदीत कोसळला. आयरीनमुळे अमेरिकेत चाळीसच्या आसपास माणसे दगावली, त्यांतली निम्मी पुराने.

बुधवारी आम्ही मैत्रिणीच्या घरी मदतीला गेलो. भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ होती. पाणी तळघर भरून वर आले होते. चिखलाचा आणि रॉकेलसारखा कसलासा वास भरून राहिला होता. रस्त्याकडेला सोफा, फ्रीज, गाद्या, पुस्तके यांचा ढीग. त्या ढिगात तीन खोकी होती. मी ती लगेच ओळखली. सहा वर्षांची चित्रे एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती.

दिवसभर मी बादल्या उचलल्या. संध्याकाळी कसेबसे म्हणाले, “मी सांगितलं म्हणून...”

“तू सांगितलंस म्हणून नाही. मला कंटाळा आला होता,” ती म्हणाली आणि झाडू मारू लागली.

ते खरे होते की माझ्यासाठी म्हटलेले, ते मला आजही कळलेले नाही. परत येताना गाडीत आईने मला काहीच सुनावले नाही. सुनावले असते तर बरे झाले असते.

आजोबांनी नंतर मला त्यांचा जुना पर्जन्यमापक दिला. थंडी पडेपर्यंत मी रोज सकाळी सातला तो वाचला. बहुतेक दिवशी शून्य.

डिसेंबरात हरिकेन केंद्राचा अहवाल आला. मोठ्या वादळानंतर शास्त्रज्ञ विमानांच्या, रडारच्या, जहाजांच्या सगळ्या नोंदी सावकाश पुन्हा तपासतात. त्यात निघाले की न्यू जर्सीला धडकली तेव्हा आयरीन हरिकेन राहिलीच नव्हती, वारे थोडे कमी होते. आजोबा बिचारे हिरमुसले. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर हरिकेन चढण्याची १९०३ नंतरची ही पहिली वेळ म्हणून ते सगळ्यांना सांगत सुटले होते. मी नकाशा काढला, मेणबत्तीत काढलेले ते भरीव वर्तुळ खोडले आणि तिथे पोकळ काढले. खोडरबराने कागद जरा फाटला.

मैत्रीण शेजारी बसून बघत होती. त्यांचे घर अजून दुरुस्त होत होते.

“म्हणजे आमचं घर हरिकेनने नाही बुडवलं?”

“नाही. साध्या वादळाने.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अगं, पण माझ्या शाळेच्या निबंधाचं नावच ‘हरिकेन’ आहे! उद्या द्यायचाय!”

मग आम्ही दोघी तो निबंध पुन्हा लिहायला बसलो.