धाकटीचं नर्सिंग
धाकटीने नर्सिंगचा फॉर्म भरला तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. "लोकांची घाण काढायला पोरीला पाठवतेस?" महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची चार वर्षांची पदवी आहे ती, पण हे त्यांना कोण सांगणार!

गेल्या दिवाळीत त्याच अंथरुणाला खिळल्या. चादर बदलायला मला शेजारीण बोलवावी लागे. लेक सुट्टीवर आली, तिने आजीला कुशीवर वळवलं, जुनी चादर पाठीशी लांबट गुंडाळली, तिला लागूनच नवी पसरली, मग दुसऱ्या कुशीवर. उचलायला नकोच!

"आई, दर दोन तासांनी कूस बदलायची हं, नाहीतर पाठीला जखमा होतात."

रात्री दोनला गजर वाजला. मी उठले, तर सासूबाई तिलाच हाक मारत होत्या.