पहिला थर

इंजिनिअरिंगला नेटवर्किंगच्या पेपरात ओएसआय मॉडेलचे सात थर हमखास यायचे. मी सातही पाठ केले होते, खालून वर आणि वरून खाली. सगळ्यात खालचा थर फिजिकल, म्हणजे तार, पोर्ट, विजेचे सिग्नल. नोकरीला लागल्यापासून मी सातव्या थरावरच राहिले. खालचे सहा कोणीतरी सांभाळतं, एवढंच माहीत होतं.

जुलै २०२३ मध्ये मी वर्क फ्रॉम होम घेऊन पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी होते. जिल्हा तेव्हा कागदोपत्री अहमदनगरच होता. अण्णांचं सीएससी केंद्र अंगणापलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. त्या वर्षी खरिपाचा पीक विमा पहिल्यांदाच एका रुपयात होता, मुदत ३१ जुलै. सातबारा, आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याचं घोषणापत्र घेऊन माणसं सकाळी आठलाच शेडबाहेर उभी असायची.

एका संध्याकाळी आभाळ गडगडायला लागलं. अण्णांनी सवयीने डेस्कटॉपचा प्लग काढला. वीज जवळच कुठेतरी पडली. सकाळी कॉम्प्युटर नीट सुरू झाला, पण नेट नाही.

मी आधी माझ्या थरावरचे उपाय केले. रीस्टार्ट, ड्रायव्हर, पुन्हा रीस्टार्ट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्कचं नावच नव्हतं. शेवटी तीच केबल लॅपटॉपला लावली. घरातल्या राउटरचंही एक पोर्ट गेलं होतं. दुसऱ्या पोर्टवर लॅपटॉप चालला. म्हणजे केबल धड होती, डेस्कटॉपचं पोर्ट मेलं होतं.

"प्लग तर काढला होता मी," अण्णा म्हणाले.

काढला होता. पण नेटची केबल तशीच राहिली होती. घरापर्यंत येतो तो फायबर, काचेचा; त्यातून वीज वाहत नाही. घर ते शेड मात्र चाळीसेक मीटर तांब्याची केबल, उघड्यावरून, लिंबाला बांधून नेलेली. ती मीच दोन दिवाळ्यांपूर्वी टाकून घेतली होती. इथरनेट शंभर मीटरपर्यंत चालतं, हे मला पाठ होतं. नेटवर्क पोर्टच्या मागे बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, ते साधारण दीड हजार व्होल्ट थोपवतात. पण जवळ वीज पडली की लांब तारेत त्याहून मोठा झटका तयार होऊ शकतो. वीज तारेवरच पडावी लागत नाही. हा हिशेब मी कधी केला नव्हता.

"नवीन मशीन घेऊ, अण्णा. पोर्ट मदरबोर्डवरच असतं."

"बाकी सगळं चालूय ना? मग?"

तोवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम सुरू होतं. शेडमध्ये रेंजची एकच काडी, कागद अपलोड होता होता अर्ज तुटायचा. कपाशीचा विमा भरायला आलेल्या एक आजी दोन दिवस बसून परत गेल्या. दोन दिवसांचा रोज बुडाला, तो एका रुपयाच्या विम्यासाठी. यूएसबीची जोडणी घ्यावी तर सगळी पोर्टं अंगठ्याच्या यंत्राने, प्रिंटरने, कीबोर्ड-माउसने अडलेली. मदरबोर्डवरचा छोटा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट तेवढा रिकामा होता.

एसटीने नगर गाठलं. आठशे रुपयांच्या आत नेटवर्क कार्ड मिळालं, तळहातात मावेल एवढं. बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटची कल्पना मांडली. त्यांच्याच थ्रीकॉम कंपनीने १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी असं वेगळं कार्ड आणलं. ते पुढे मदरबोर्डमध्ये विरघळलं, म्हणून माझ्या पिढीने ते क्वचितच हाताळलं.

मशीन पूर्ण बंद करून कॅबिनेट उघडलं. आत धुळीचा थर आणि पालीची दोन अंडी. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी धातूच्या सांगाड्याला हात लावला. मागची पत्र्याची पट्टी काढली, कार्ड स्लॉटमध्ये दाबलं, स्क्रू आवळला. बायोसमध्ये जाऊन जुनं पोर्ट बंद केलं. केबल लावली, हिरवा दिवा लागला.

नेट मात्र आलं नाही.

पंधरा मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक कार्डाला बारा अंकाक्षरांचा मॅक पत्ता असतो; पहिली सहा उत्पादकाची, उरलेली त्या कार्डाची. शेजारची पोरं नेट वापरतात म्हणून मीच राउटरमध्ये यादी घातली होती, ओळखीच्या पत्त्यांनाच आत सोडायचं. मशीन तेच होतं, पण राउटरच्या लेखी दारात अनोळखी माणूस उभा होता.

"म्हणजे कुलूप तूच लावलं होतंस," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

नवा पत्ता यादीत घातला. आजींना निरोप धाडला. त्यांचा अर्ज एका दमात गेला. प्रिंटरमधून पावती आली तशी त्यांनी ती पदराने पुसून पिशवीत ठेवली.

वेगळ्या कार्डाचा फायदा एवढाच, की पुन्हा झटका आला तर कदाचित आठशे रुपयांवर भागेल. कदाचितच, मदरबोर्ड वाचेलच याची हमी कार्ड देत नाही. खरा उपाय म्हणजे त्या चाळीस मीटरवरही फायबर टाकणं. तो मी पुढच्या उन्हाळ्यात केला. मधल्या काळात आभाळ भरून आलं की अण्णांचा पुण्याला फोन यायचा.

"दोन्ही काढलंय. प्लग पण, केबल पण."

मी तेव्हा बहुतेक सातव्या थरावरच्या कुठल्यातरी मीटिंगमध्ये असायचे. तरी फोन उचलायचे.