अजून नाव नसलेले लेकरू

पोटातल्या जिवाच्या मोलाविषयी ख्रिस्ती आई ज्या शब्दांत बोलते, ते शब्द दोन ठिकाणांहून आलेले असतात. एक पवित्र शास्त्र, आणि दुसरी ती जिथे नांदते ती माती. भंडारा जिल्ह्यात ही माती धानाची आहे. पावसाळ्यात पऱ्हे उपटून बांधीत रोवणी होते आणि पुढे दोनेक महिन्यांत रोप पोटाशी फुगू लागते. लोंब अजून दिसत नाही, पण शेतकरी म्हणतो, धान गर्भावर आले. त्या दिवसांत देठ नखाने चिरला तर पात्यांच्या गुंडाळीत बोटभर लांबीचा, ओला, पांढुरका तुरा सापडतो. त्यात दाणा नसतो, दूधही भरलेले नसते, आणि वारा लागला की तो तिथल्या तिथे मलूल पडतो. नेमके याच वेळी बांधीतले पाणी तुटले तर पुढे लोंब पोचट निघते, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. म्हणून या दिवसांत पाण्याची पाळी रात्र जागून सांभाळतात. न दिसणाऱ्या दाण्यासाठी जागायचे असते, हे इथल्या बाईला वेगळे शिकवावे लागत नाही.

जिल्ह्यात ख्रिस्ती घरे मूठभर. त्यांत प्रॉटेस्टंट आहेत, कॅथलिकही आहेत. दोघांच्याही घरी गरोदर बाईसाठी प्रार्थना करताना हटकून आठवते ते स्तोत्रसंहितेतले १३९वे स्तोत्र. आईच्या उदरात घडत असलेला जीव देवाला दिसत होता, असा त्याचा भाव. अजून घडण न झालेल्या गर्भासाठी मूळ हिब्रूत तिथे ‘गोलेम’ असा शब्द आहे. मराठी ‘गोळा’ शब्दाशी त्याचे नाते नाही, नुसता आवाज जुळतो, पण ही जुळणी मनातून जात नाही. पाळी चुकून महिना-दोन महिने झाले की ‘अजून नुसता गोळाच आहे’ असे बायकाच बायकांना सांगतात. कधी ते धीर द्यायला असते, कधी पोट पाडण्याचा विचार सोपा करायला. स्तोत्रकार त्याच गोळ्याकडे पाहतो आणि तो देवाच्या नजरेआड नव्हता असे सांगतो. तिथेच विणण्याची उपमाही येते. मोहाडी-आंधळगावच्या मागांवर टसरची करवतकाठी वस्त्रे विणली जातात. मागावर पहिली वीतभर वीण झाली असते तेव्हा लुगडे कुठेच दिसत नाही, तरी कोष्टी त्या विणीला चिंधी म्हणत नाही.

हे स्तोत्र हिब्रूतून साध्या मराठीत आणण्याचे कष्ट एका आईनेही घेतले आहेत, हे मराठी ख्रिस्ती घरांनी विसरू नये. पंडिता रमाबाईंची लेक मनोरमा १८८१ साली जन्मली. पुढच्याच वर्षी पती वारले आणि तान्ह्या मुलीला घेऊन ही विधवा एकटी उभी राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये दोघींचा बाप्तिस्मा झाला. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकात रमाबाईंनी जन्मताच मारल्या जाणाऱ्या मुलींविषयी लिहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना आपल्याकडे घेऊन आल्या. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात मोडत होता. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत उतरवले. काम संपत आले असताना १९२१ मध्ये मनोरमा गेली. १९२२ मध्ये ते पुरे करून रमाबाईही गेल्या. हिब्रूत गर्भाशयाला ‘रेहेम’ म्हणतात आणि करुणेला ‘रहामीम’, दोन्हींचे मूळ एक. मराठीतही माया पोटातूनच येते, पोटची माया म्हणतात तिला. हे शब्द जिच्या हाताखालून गेले ती बाई पोटचे लेकरू आणि दुष्काळातले परके लेकरू यांत अंतर ठेवत नव्हती, ही गोष्ट तिच्या विद्वत्तेइतकीच मोलाची आहे.

लूकच्या शुभवर्तमानात दोन गरोदर बायका भेटतात. मरीया डोंगराळ मुलखात अलीशिबेकडे जाते आणि अलीशिबेच्या पोटातले सहा महिन्यांचे बाळ हलते. पहिलटकरणीला असे हलणे साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते. पहिल्यांदा ते बुडबुडा फुटल्यासारखे वाटते, मग एके रात्री कुशीवर वळताना आतून ढुशी बसते आणि बाई अंधारातच हात पोटाशी नेते. त्या क्षणी साक्षीला दुसरे कोणी नसते. म्हणूनच अलीशिबेची साक्ष मोठी ठरते. मरीयेचे पोट दिसतही नव्हते तेव्हा एका जाणत्या बाईने तिच्या बाळाला ओळखले आणि मान दिला. मरीया वाग्दत्त होती, लग्न व्हायचे होते. मत्तय सांगतो, योसेफ तिला गुपचूप सोडून देण्याच्या विचारात होता. गर्भाचे मोल ज्या कथेत सर्वांत उंच आहे त्याच कथेत गर्भारशीला घर मिळणे हाही प्रश्न आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न आधी ओळखला तो ख्रिस्ती नसलेल्या घराने. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवेने तिथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल तिथेच ठेवून जायचे तर जावे. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. पोटातल्या जिवासाठी बोलणाऱ्या प्रत्येकाने हे घर डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे. दार न उघडता दिलेला उपदेश बाईला विहिरीकडे ढकलतो.

कायदा हा विषय आठवड्यांत मोजतो. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनंतर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने गर्भपात करता येतो, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने. कॅथलिक शिकवण गर्भधारणेच्या क्षणापासून जीव मानते आणि पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९५ च्या परिपत्रकात ती ठामपणे मांडलेली आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आईच्या जिवावर बेतले असता काय करावे यावर मतभेद आहेत. ख्रिस्ती आईची श्रद्धा पहिल्या दिवसापासून मोजते, पण शेजारणीवर बोट रोखण्याचा अधिकार ती श्रद्धा देत नाही. अडाणी हातांकडून पोट पाडून घेताना बायका मरत, आणि त्यांच्याही पोटी लेकरू होते.

मुलगी म्हणून गर्भ पाडण्याबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४ आणि भंडाऱ्यात ९५०. निसर्गतः जन्मणाऱ्या मुलींचे प्रमाण साधारण एवढेच असते. हे श्रेय कोणत्या व्यासपीठाचे नाही. रोवणीला कंबर वाकवणारी पोर इथल्या घराला ओझे वाटली नाही, एवढाच त्याचा अर्थ दिसतो.

अवघड जागा आहे ती सिकलसेलची. पूर्व विदर्भात, भंडाऱ्यासकट, हा रक्ताचा आनुवंशिक आजार गावोगाव आहे. आईबाप दोघेही वाहक असले, स्वतः धडधाकट असले, तरी प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. पहिले लेकरू निरोगी झाले म्हणून दुसऱ्या वेळची शक्यता कमी होत नाही. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा कण काढून गर्भाची तपासणी करता येते. अहवाल वाईट आला की कागद घडी घालून बाई घरी येते आणि चुलीपुढे बसते. त्या आजारात लेकराच्या हातापायांत कळा येतात, रक्त चढवावे लागते, थंडीतापात जीव घाबरा होतो, हे तिने नात्यातल्या पोरात पाहिलेले असते. अशा आईला वचन ऐकवणे सोपे असते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. ते नाकारणे या आईच्या बाजूचे आहे. आजारी लेकरू ही शिक्षा नव्हे, त्याचे मोल निरोगी लेकराएवढेच. पण ते मोल मानणाऱ्या मंडळीने तिच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे, रक्त द्यावे, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या वेळेवर पोचतात की नाही पाहावे. लग्न जुळवतानाच दोघांची रक्ततपासणी करण्याची वाट ख्रिस्ती आईला मनापासून पटणारी आहे, कारण तिथे कोणाचाच जीव तराजूत घालावा लागत नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाचाही भर तपासणीवर आणि समुपदेशनावर आहे.

पोटातले आणि पाळण्यातले लेकरू यांत रेघ कुठे ओढायची, हा वाद भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे एकाएकी लहान झाला. जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या आजारी नवजात बालकांच्या कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. १७ बाळे आत होती. ७ वाचली, १० गेली. अशा कक्षांत बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर त्याचे नाव नसते, कारण ते ठेवलेलेच नसते. आईचे नाव असते आणि पुढे ‘चे बाळ’ एवढेच. नाव पडणे दूरच, उदरात घडण्याआधीच यिर्मयाला देव ओळखत होता, असे शास्त्र सांगते. त्या दहांना त्यांच्या आया अशाच ओळखत होत्या, कुशीवरून, वजनावरून, रडण्याच्या सुरावरून. गर्भाच्या रक्षणाविषयी जे बोलतात त्यांच्या बोलण्यात काचेच्या पेटीतल्या बाळाची वीज, तार आणि पहारा आलाच पाहिजे. तो येत नसेल तर बोलणे अर्धे आहे.

जे जन्मालाच येत नाही त्याचा हिशेब आणखी वेगळा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांनुसार २८ आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाची नोंद होते, त्याआधी गेलेल्याची त्या वहीत होत नाही. आई मात्र ते मोजते. मुले किती, असे विचारले की ती तीन सांगते, घरात दोनच खेळत असतात. जुन्या ख्रिस्ती घरांत बायबलच्या कोऱ्या पानांवर लग्ने, जन्म, बाप्तिस्मे, मृत्यू लिहून ठेवण्याची पद्धत होती आणि काही घरांत ती अजून आहे. अशा पानावर एखाद्या ओळीत फक्त तारीख असते, पेन्सिलीने लिहिलेली, आणि नावाच्या जागी एक आडवी रेघ.