डोकं वर ठेवून

भंडाऱ्याहून निघून वैनगंगेवरचा कारध्याचा पूल मागे टाकला की राष्ट्रीय महामार्ग ५३ धानाच्या बांध्यांमधून लाखनी-साकोलीकडे जवळजवळ सपाट जातो. चढ नाही म्हणजे सोपं, असं सायकल रमतगमत चालवणाऱ्याला वाटेल. वेगात जायचं असेल तेव्हा हाच सपाटपणा जड जातो. घाटात चढ संपतो आणि उतारावर पायांना उसंत मिळते. इथे लाखनीपर्यंत पाय थांबवायला काही निमित्तच नाही. थांबायचं तर ते स्वतःच ठरवावं लागतं आणि दर मिनिटाला मन तेच ठरवू पाहत असतं.

पहिली झुंज हवेशी. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. ताशी ३० वरून ३३ किलोमीटरवर जायचं तर हवेपुरती ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते. म्हणून वाकायचं, कोपरं आत घ्यायची, अंग लहान करायचं. पण वाकलं की पोट दाबलं जातं, श्वास आखडतो आणि मान वर धरून धरून दुखू लागते. वेगाला हवी असलेली बैठक आणि शरीराला सुखाची बैठक यांचं कधी जमत नाही. सरावाने दुखणं थोडं उशिरा येतं, एवढंच.

दुसरी झुंज शरीराशी, आणि ती मला नदीवरून कळते. पावसाळ्यात सगळा भंडारा कारध्याच्या पाणीपातळीच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो. वैनगंगेची धोक्याची पातळी इथे २४५.५० मीटर धरतात. २०२० च्या ऑगस्टअखेर नदी ती ओलांडून वस्त्यांमध्ये शिरली होती. जोरात सायकल चालवताना शरीरातही अशी एक पातळी असते. तिच्या खाली असेपर्यंत स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट शरीर वापरून टाकतं. ती ओलांडली की ते साचत जातं, मांड्या भरून येतात, दोन शब्दसुद्धा एका दमात बोलता येत नाहीत. तासभर टिकणारा वेग या रेषेच्या अगदी काठावरचा असतो. मी मनगटावरचं घड्याळ पाहते, पण खरी खूण श्वासाचीच. तो सलग असेल तर ठीक. तो तुटक झाला की दोन-तीन मिनिटांतच पाय बोलू लागतात.

मात्र आधी हार मानतं ते मनच, आणि हे मला एका मार्चअखेरीने शिकवलं. मी बँकेत आहे. त्या आठवड्यात सायकलला हात लागला नव्हता, पाय पूर्ण ताजे होते. ताळेबंद जुळल्यावरच्या पहिल्या सुट्टीला पहाटे निघाले. नाडीचे ठोके नेहमीचे, वारा नेहमीचा, तरी वाटेतल्या गडेगावच्या आधीच सगळं असह्य वाटू लागलं. पुढे त्याचं कारण वाचनात आलं. संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ जणांना दीड तास डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकलवर दमेपर्यंत बसवलं. ताज्या डोक्याने ते सरासरी ७५४ सेकंद टिकले होते, शिणलेल्या डोक्याने ६४०. हृदय आणि स्नायूंमध्ये हा फरक समजावणारं काही सापडलं नाही. श्रम तेवढेच होते, ते जास्त वाटत होते. आता वेगात जायच्या आदल्या रात्री मी हिशेबाचे कागद घरी उघडत नाही. झोपेइतकीच ही विश्रांती मला लागते.

शिवाय हा रस्ता बंद मैदान नाही, मुंबई-कोलकाता महामार्ग आहे. ट्रक शेजारून गेला की त्याची हवा आधी बाहेर ढकलते आणि लगेच आत ओढते. तेव्हा हँडल घट्ट आवळलं तर सायकल जास्त डगमगते, म्हणून हात सैल ठेवायचे. मांड्या पेटलेल्या असताना हात सैल ठेवणं हे मनाचं काम आहे. दिवाळीनंतर तणस भरलेले ट्रॅक्टर, कडेला वाळत घातलेलं धान, अचानक रस्त्यावर आलेली म्हैस. ताशी ३० म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. दमलेली मान दोन सेकंद खाली गेली तरी सोळा-सतरा मीटर न पाहता मागे पडतात. दमल्यावर शरीर पहिलं मागतं ते हेच, डोकं खाली घालणं. आणि ते मी त्याला देऊ शकत नाही. बांधीतून कुणी ‘कोठी चाल्ल्या जी?’ विचारतं, तेव्हा उत्तर द्यायला श्वास नसतो. हात मात्र आवर्जून वर करते. लक्ष अजून रस्त्याच्या बाहेरही पोचतंय, याची ती माझी चाचणी असते.

नागपूरचे सायकलपटू डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीत. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी ९,००० किलोमीटरहून लांब शर्यत संपवली. लोक त्यांच्या पायांचं कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे. मला अधिक थोर वाटतं ते त्यांचं जागं राहणं. झोप तुटलेली असताना, दिवसामागून दिवस, प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक वाहनाकडे लक्ष देत राहणं. माझ्या तासाभरात त्याचा कण वाट्याला येतो, तरी त्याचं मोल कळतं.

परतताना बहुधा वारा समोरून असतो. शेवटचे किलोमीटर सर्वांत कठीण, आणि नेमका तिथेच कारध्याला पवनीचा रस्ता येऊन मिळतो, गर्दी वाढते. वेळ सुधारायचा मोह तिथे सर्वांत मोठा असतो. म्हणून माझं मोजणं कारध्याच्या अलीकडे, भिलेवाड्यालाच संपतं. तिथे घड्याळ बंद करते, गिअर हलका करते, सरळ होऊन बसते आणि पुढचा रस्ता इतर वाहनांसारखीच, सावकाश पार करते.