वाहता कालवा

विलायतेची वारी करून आलेल्या माणसाने लंडनच्या पावसाविषयी, शेक्सपिअरच्या गावाविषयी आणि तिथल्या चहाच्या किमतीविषयी लिहावे, असा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. मी मात्र कालव्याविषयी लिहिणार आहे. ‘कालवा पाहायला इतक्या लांब कशाला? तो तर बारामतीलाही आहे!’ असे कुणी म्हणेल. आमच्या दाजींनी नेमके हेच म्हटले होते. आणि या विषयात त्यांचा अधिकार मोठा. त्यांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली, आणि तिच्यातली बरीचशी वर्षे नीरा डाव्या कालव्यावर. पण त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, बर्मिंगहॅमला नोकरी करते. तिने २०२३ च्या जूनमध्ये एका आठवड्यासाठी नाव भाड्याने घेऊन टाकली होती. ताई, दाजी, मी आणि सौ. असे चौघे तिचे पाहुणे. पाहुण्यांना कुठे मत असते?

मराठीतले ‘वाहणे’ हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. नदी वाहते आणि हमालही ओझे वाहतो. आपला कालवा पहिल्या अर्थाने वाहतो, इंग्रजांचा दुसऱ्या. तो शेतीसाठी नव्हे, मालासाठी खणला. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या सरदाराच्या वर्स्लीला कोळशाच्या खाणी होत्या. जेम्स ब्रिंडली याच्या हातून त्याने तिथून मँचेस्टरकडे कालवा काढविला. १७६१ साली तो सुरू झाला आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. गाडीला जुंपलेला घोडा खडबडीत रस्त्यावरून टन-दीड टन ओढी; तोच घोडा काठाच्या पायवाटेने चालत दोराने नाव ओढू लागला, की पंचवीस-तीस टन सहज नेई. मग काय विचारता! पुढच्या पन्नास-साठ वर्षांत सावकारांनी आणि कारखानदारांनी सारा मुलूख कालव्यांनी विणून काढला.

चढ-उतारावर नाव न्यायची तर पाण्याला पायऱ्या हव्यात. पाण्याच्या त्या पायरीला लॉक म्हणतात. दोन्ही टोकांना दारे असलेला हा एक उभट हौद असतो. नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे, झडपा उघडून पाणी भरायचे किंवा सोडायचे, की नाव आपोआप वर चढते किंवा खाली उतरते. ब्रिंडलीने पुढच्या कालव्यांवर हे हौद सुमारे ७ फूट रुंदीचे ठेवले. अरुंद हौदाला बांधकाम कमी आणि पाणीही कमी. त्याच्या या काटकसरीमुळे मध्य इंग्लंडची नाव कायमची सडपातळ राहिली: रुंदी ६ फूट १० इंच आणि लांबी ७० फुटांपर्यंत काहीही.

आमची नाव ५८ फुटांची होती. बिछाने, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळे एका ओळीत. ताई आत डोकावून म्हणाली, “ही नाव आहे की चाळीचा व्हरांडा?” स्वयंपाकघरातला माणूस जागचा हलल्याशिवाय न्हाणीघरातल्याला बाहेर पडता येत नसे. भाड्याच्या नावेला परवाना लागत नाही. नावेच्या मालकाने तासभर शिकवले आणि तो खुशाल किनाऱ्यावर उतरून गेला. आपण नावेच्या शेपटाशी उभे राहायचे, पुढे अठ्ठावन्न फूट लोखंड, आणि नाव डावीकडे वळवायची तर सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलायचा. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. प्रत्यक्षात तीनही पडत नाहीत. काठाने कुत्रे घेऊन फिरायला निघालेले एक आजोबा आम्हांला मागे टाकून गेले, आणि जाताना त्यांनी सहानुभूतीने टोपी उचलली.

आम्ही निघालो ते वेल्सच्या सरहद्दीवरच्या चर्क या गावाजवळून. हा लँगॉलेनचा कालवा. (हे नाव मी लिहिले तसे उच्चारले तर वेल्श माणूस हसतो. त्यांच्या जोड-‘ल’चा उच्चार जिभेच्या कडेने वारा सोडून करायचा असतो. तो ना आपला ल, ना ळ. ‘ळ’ न येणाऱ्या परप्रांतीयांना आपण इतकी वर्षे हसलो, त्याची परतफेड झाली.) आधी एक अंधारा बोगदा लागला आणि तो संपताच चर्कचा जलसेतू. हा १८०१ सालचा. दरीवरून ७० फूट उंच कालवा चालला आहे. त्याच्या अगदी शेजारी, त्याहून उंच कमानींवरून आगगाडी जाते. तो पूल १८४८ चा. रेल्वेने कालव्यांवर मात केली, हे पुस्तकात वाचलेले वाक्य इथे दगडात बांधलेले दिसले. आम्ही खाली रांगत होतो आणि डोक्यावरून गाडी धडधडत गेली.

पहिल्या रात्री काठावर खुंट्या ठोकून, गाय दावणीला बांधावी तशी नाव बांधली. सकाळी दाजी चहाचा पेला घेऊन काठावर बसले होते. त्यांनी गवताची एक वाळकी काडी पाण्यात टाकली, आणि घड्याळ काढले.

“अगं, हा कालवा वाहतोय,” ते मुलीला म्हणाले.

“बाबा, इथले कालवे वाहत नसतात.”

“काडी बघ.”

काडी खरोखरच चालली होती, संथपणे, पूर्वेकडे. चाळीस वर्षे पाण्याच्या वेगावर नजर ठेवलेला माणूस; त्याला कोण फसवणार? त्या क्षणापासून दाजींची सुट्टी संपली. “वाहतोय म्हणजे कुठे तरी जातोय. ह्याचा टेल कुठाय?” हा एकच प्रश्न. ज्यांचे शेत कालव्यावर नाही त्यांना सांगायला हवे, की ‘टेल’ म्हणजे कालव्याचे शेवटचे टोक. आवर्तन सुटले, तरी वरच्या लोकांनी घेऊन टेलला पाणी पोहोचत नाही, हे आपल्याकडचे कायमचे गाऱ्हाणे. दाजींनी ते शेकडो तोंडांनी ऐकले होते, आणि कित्येकदा त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

न्यू मार्टनला दोन लॉक आहेत. हातात लोखंडी हँडल घेऊन भाची आणि सौ. झडपा उघडू लागल्या, मी पाठीने दाराची तुळई ढकलली. दाजी नुसते बघत होते. एका नावेपायी एका वेळी सुमारे २५ हजार गॅलन, म्हणजे लाखाहून अधिक लिटर पाणी खाली जाते, असे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “हौसेसाठी एवढं पाणी सोडायचं?” ते म्हणाले. टँकरच्या खेपा मोजलेल्या माणसाला ते पाणी पाण्यासारखे दिसणे शक्यच नव्हते. ताईने डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितले.

पण लॉकच्या बगलेला एक चर होता, आणि वरचे जादा पाणी त्यातून जोराने खालच्या पातळीत पडत होते. दाजी तिथे उकिडवे बसले. म्हणजे पाणी फुकट जात नव्हते; नावा असोत वा नसोत, ते खाली चाललेच होते.

उलगडा एल्समिअरला झाला. १९४४ साली पार्लमेंटच्या कायद्याने हा कालवा नावांसाठी अधिकृतपणे बंद झाला होता. रेल्वे कंपनीच्या मालकीचा तो. मालवाहतूक केव्हाच संपलेली. असे बंद झालेले कितीतरी कालवे बुजले, त्यांवर घरे उठली. हा बुजवला नाही, कारण डी नदीचे पाणी तो टोकाला हर्ल्स्टनच्या तलावात नेऊन सोडत होता, आणि तिथून ते चेशर परगण्यात पिण्यासाठी जात होते. पाण्यासाठी म्हणून तो राखला गेला. हौशी नावा मागाहून आल्या. ओझे वाहण्यासाठी जन्मलेला कालवा पाणी वाहू लागला म्हणून जगला.

“मग टेलला पाणी पोहोचतं!” दाजी म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सुकाणू हाती घेतले, आणि ताईने आनंदाने थालीपिठे लावली.

अर्थात माणसांचाही यात वाटा आहे. एल. टी. सी. रोल्ट नावाचा एक इंजिनिअर ‘क्रेसी’ या आपल्या नावेवर संसार थाटून हिंडला. त्याचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ सालीच निघाले. ते वाचून रॉबर्ट आइकमन त्याला भेटला, आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी संस्था उभी राहिली. पुढे माणसे सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन गाळ उपसायला येऊ लागली. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे २,००० मैलांच्या जलमार्गांची देखरेख एक धर्मादाय ट्रस्ट करतो.

या नावांच्या दारांवर आणि बादल्यांवर गुलाबाची फुले आणि किल्ले रंगवलेले असतात. ती चित्रे पाहून जुन्या नावाड्यांचे जिणे काव्यमय वाटू लागते. ते तसे नव्हते. रेल्वेशी स्पर्धा करताना मजुरी इतकी घसरली, की किनाऱ्यावरचे घर परवडेना. मग बायकामुले नावेवर आली, आणि जेमतेम १० फूट लांबीच्या खोपटात सारा संसार मावू लागला. मुलांना शाळा कुठली? नाव एका जागी राहील तर ना! १८७७ साली कायदा करून या नावांची नोंदणी करावी लागली, आत किती माणसे राहावीत हे ठरवावे लागले. आम्ही पाच माणसे अठ्ठावन्न फुटांत आठवडाभर कुरकुरत होतो, ते हे कळेपर्यंतच.

परतीचा प्रवास प्रवाहाच्या उलट. नाव आणखी मंदावली. चर्क ओलांडून पुढे पाँटकसल्तेचा जलसेतू आला. टेलफर्ड आणि जेसप यांचे हे काम १८०५ साली पुरे झाले. २००९ पासून ते जागतिक वारशात आहे. अठरा दगडी खांब, त्यांवर हजार फूट लांबीची लोखंडी पन्हळ, आणि खाली १२६ फुटांवर डी नदी. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला मात्र पन्हळीची वीतभर कड, आणि तिच्यापलीकडे एकदम आकाश. नावेतून पाहताना पाणी दिसत नाही, आधार दिसत नाही. झाडांचे शेंडे पायांखालून सरकतात. मी छताकडे बघत सुकाणू धरले. ताई त्या उघड्या बाजूला निवांत बसून खालची मेंढरे मोजत होती. दाजींचे लक्ष सांध्यांवर. साखरेत उकळलेल्या फ्लॅनेलने हे सांधे भरले होते, असे सांगतात. “सव्वादोनशे वर्षं झाली,” ते पुटपुटले, “आणि आमच्या मोऱ्या दर पावसाळ्यात!”

लँगॉलेनच्या पुढे इंजिनाच्या नावांना मज्जाव आहे. तिथे घोड्याने ओढलेल्या नावेतून सहल करतात, आणि ही प्रथा १८८४ पासूनची. आम्ही पायीच निघालो. सुमारे दोन मैलांवर टेलफर्डने डी नदीवर घातलेला नालाच्या आकाराचा बंधारा आहे. १८०८ सालचा. पाणी त्याच्यावरून काचेसारखे ओसंडते, आणि एका अंगाने, कुणाच्या लक्षातही येणार नाही इतक्या मुकाट्याने, कालव्यात शिरते. शेजारी एक लहानशी इमारत आहे. कालव्यात किती पाणी जाते ते तिथे मोजतात.

दाजींनी खिडकीतून आत पाहिले, दार बंद होते. मग खिशातली डायरी काढून त्यांनी पाण्याच्या वेगाचा काहीतरी आकडा टिपला.

“किती?” मी विचारले.

“पुरेल,” ते म्हणाले, आणि दुसरी काडी शोधू लागले.