खुंट्याला बांधलेलं कुत्रं

राहुरी तालुक्यात मुळा-प्रवरेच्या पाण्यावरच्या उसात वस्त्या विखुरलेल्या आहेत, आणि वस्ती म्हटली की राखणीला कुत्रं आलंच. त्याचं आयुष्य बहुधा ठरलेलं असतं. महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडून आणायचं, गोठ्याच्या कडेला खुंट्याला बांधायचं आणि सांज-सकाळ लांबूनच भाकरी टाकायची. फिरून फिरून खुंट्याभोवतीची माती गुळगुळीत होते, पट्ट्याखालचे केस झडतात. वर्षभरात ते येणाऱ्या-जाणाऱ्यावर, कधी घरच्या पोरावरही धावून जातं. घरधनी कौतुकानं सांगतो, ‘लई कडक हाय.’

हा कडकपणा रक्तातला नाही, भेदरलेपणातून आलेला आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ साली आपला दीर्घ अभ्यास ग्रंथरूपानं मांडला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसाशी आणि भोवतालाशी नातं जोडतं, असं त्यात दिसलं. आपण नेमके तेच आठवडे त्याला एकटं टाकतो. १९९४ साली डेन्व्हरमध्ये चावलेल्या आणि न चावलेल्या कुत्र्यांची तुलना झाली, तेव्हा चावणाऱ्यांत अंगणात बांधलेले ठळकपणे जास्त निघाले. चावरं होतं म्हणूनच बांधलं असेल, ही शंका रास्त आहे. पण वस्तीवरचं पिल्लू दात धड आलेले नसताना बांधलं जातं, तिथं ती टिकत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अलास्काच्या जातीचे, बर्फावर गाडी ओढणारे कुत्रेही साखळीला असतात. २००१ च्या एका अभ्यासात ते बांधलेले असोत की कुंपणात, त्यांच्या वागण्यात फारसा फरक दिसला नाही. मात्र अशा कुत्र्यांच्या शेजारी दुसरे कुत्रे असतात आणि जुंपले की ते कळपानं धावतात. म्हणजे साखळीइतकंच, किंबहुना जास्त, एकटेपण बाधतं. आपल्याकडचं धनगराचं कुत्रं बघा: दिवसभर मेंढरांत आणि माणसांत असतं, राखण चोख करतं, पण वाड्यावरच्या पोरांना इजा करत नाही.

‘सोडलं तर बिबट्या नेईल,’ हे भय खोटं नाही. पण बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही; बिबट्याला तेच सोपं सापडतं. रात्री त्याला जाळीच्या भक्कम खुराड्यात ठेवावं, दिवसा माणसांत वावरू द्यावं. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हाच आहे. त्यासाठी वेगळा वेळही काढायला नको. उसाला पाणी धरायला निघताना साखळी हातात घेऊन त्याला बरोबर न्यावं.